चौलचं पनीर

चौल,
ज्येष्ठ वद्य ५, शके १८५६

दादा,

गोदूचा नमस्कार.

म्हैस व्याली. पारडी झाली. पावसामुळे बोटी बंद, अलिबागचे बंगले बंद, दुधाला गिऱ्हाईक नाही. खरवस आळीभर वाटला. तूप कढवलं. आता दुधाचं नाव काढलं की सासूबाई तोंड फिरवतात.

मामांकडे भेटलो तेव्हा तू म्हणाला होतास की शेठच्या घरी तू टोपलीत पनीर लावतोस. ते कसं लावतात, कळव.

तीन दिवाळ्या झाल्या. भाऊबीजेला तू येत नाहीस, तुझं लुगडं टपालाने येतं. मी पाटावर लुगडं ठेवते आणि लुगड्याला ओवाळते. सासूबाई हसतात. हे हसत नाहीत.

बाबा माडावरून पडले ते मीही पाहिलं. तरी मी माड चढणाऱ्याच्याच घरी आले, याचा तुला राग आहे. तो असू दे. पनीराचं तेवढं लिही.

गोदू


मुंबई,
९ जुलै १९३४

चि. गोदू,

आशीर्वाद. विचारलंस ते लिहितो.

दूध कोमट हवं. बोट घातलं तर ऊब लागावी, चटका नको. पारशांच्या घरी ते विरजत नाहीत. कोंबडीच्या पोटातली आतली साल वाळवून ठेवतात, ती पाण्यात भिजवून ते पाणी दुधात घालतात. दूध थिजतं. मग मुठीएवढ्या टोपल्यांत ओतायचं, निथळू द्यायचं, मिठाच्या पाण्यात सोडायचं. सोबत सालीचं पुडकं पाठवतो.

आमचे शेठ हे पनीर वाईनबरोबर खातात. पनीर कोणतं, त्यावर वाईन कोणती, याचे त्यांचे नियम आहेत. मी ते शिकलो. ताटात भाताशेजारी काय वाढायचं ते तू आईकडून शिकलीस, तसंच.

एक लक्षात ठेव. दूध शेजारचा वास लगेच ओढून घेतं. तुमच्याकडे माडीची मडकी असणार. टोपली त्यांच्यापासून लांब ठेव.

राग नाही. बाबा गेले त्या दिवशी मी ठरवलं की माडीचा थेंब तोंडात घालणार नाही आणि माड चढणाऱ्याच्या ओटीवर बसणार नाही. तो शब्द आहे. भाऊबीजेचं पुन्हा लिहू नकोस.

हरेश्वर


चौल,
आषाढ वद्य ३

दादा,

पुडकं पोचलं. सासूबाईंनी उघडलं.

"ह्ये काय गो? सुकट हाय?"

"कोंबडीच्या पोटातली साल. दुधात घालायची."

"दुधात? चातुर्मासात? तुझा भाऊस बाटला काय मुंबईत?"

पुडकं परसात गेलं आणि मांजरीने नेलं. तिला पनीर लावता येत असेल तर ती लावील.

मग घरात जे आंबट होतं ते घातलं. पहिलं पनीर रबरासारखं झालं. कुत्र्याने हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. दुसरं टोपलीतून निघालंच नाही. काळूराम बुरडाने नव्या टोपल्या विणून दिल्या, अगदी बारीक विणीच्या. त्यातलं तिसऱ्या खेपेचं सोडवलं तेव्हा ते पाटावर उभं राहिलं. टोपलीची वीण त्याच्या अंगावर उठली होती.

हे नुकतेच झाडावरून आले होते. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "न्हानं पोर झोपून उठल्यावानी दिसतंय. अंगावर चटईचे वळ."

एक टोपली मी चुलीवरच्या माळ्यावर ठेवली आहे, धुराला. रोज मिठाच्या पाण्याने पुसते, आणि त्याच आंबटाने. त्याला वरून पिवळी साल धरते आहे. वास असा येतो की सासूबाई विचारतात माळ्यावर कोण मेलं, आणि तरी येता जाता वर बघतात.

नारळी पौर्णिमेनंतर आमच्या आळीतला कान्हा सुपारी घेऊन मुंबईला येईल. त्याच्याबरोबर पाठवते.

गोदू


मुंबई,
३० ऑगस्ट १९३४

चि. गोदू,

कान्हा आला. सुपारीच्या पोत्यावर बसून आला आणि तुझं पुडकं मांडीवर घेऊन आला. बोटीत लोक त्याच्यापासून दूर सरकून बसले, म्हणून त्याला ऐसपैस जागा मिळाली, असं म्हणाला.

सुपारीच्या विरीत, झावळीच्या त्या रुंद सालपटात, बांधायची कल्पना चांगली. ओली राहिली, घट्ट राहिली.

ताजं पनीर मी बशीत ठेवलं, धुराचं वेगळं. शेठनी ताजं खाल्लं, मान हलवली. मग धुराचं खाल्लं आणि चाकू खाली ठेवला. "हरेश्वर, आ सूं छे? कोणे बनाव्यूं?" मी म्हणालो, माझ्या बहिणीने, चौलला. त्यांनी तळघराची चावी मागवली.

पहिल्यांदा तांबडी वाईन उघडली. जमलं नाही. दोघं एकाच बाकावर पाठ फिरवून बसल्यासारखं झालं. मग पांढरी, आंबट. ती बरी, पण पनीर तिच्यावर मोठ्याने बोलत होतं. मग एक जुनी, बदामाच्या वासाची. शेठ म्हणाले ही जवळ आली, पण घरची नव्हे. चार बाटल्या उघड्या पडल्या. आमच्या शेठाणीबाई रागावल्या. शेठ म्हणाले, जिथलं पनीर तिथलंच पेय शोधायला हवं.

मीही खाल्लं. नखाएवढं घेणार होतो. शेठनी तिसऱ्यांदा घंटा वाजवली तेव्हा कळलं की टोपली रिकामी आहे.

त्यातलं आंबट ओळखीचं आहे. ताक नव्हे, लिंबू नव्हे. लहानपणीचं काहीतरी आठवतं आणि नाव येत नाही. कोकम घातलंस ना?

दिवाळीच्या आधी शेठ पाहुणे घेऊन किहीमच्या बंगल्यावर येत आहेत. त्यांना तुझं पनीर हवं आणि त्याबरोबर आपल्या किनाऱ्याची वाईन हवी. शोधायचं काम माझ्यावर टाकलं. मी तुझ्यावर टाकतो. कोर्लईचे किरिस्ताव जांभळाची करतात. रेवदंड्याचे बेने इस्राएल मनुकांचं काही करतात. चाखून बघ आणि लिही.

माडी सोडून काहीही.

हरेश्वर


चौल,
भाद्रपद शुद्ध १२

दादा,

गणपती झाले आणि आम्ही निघालो. मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. पनीर त्यांच्या मांडीवर होतं, म्हणून त्यांना सोडून जाता येईना.

आधी रेवदंड्याला. तिथली माझी इस्राएल मैत्रीण मनुका भिजवून गाळते. शुक्रवारी संध्याकाळी ते लोक देवाचं नाव घेऊन पितात. तिने पेलाभर दिलं. गोड, शांत. ताज्या पनीराबरोबर छान लागलं. धुराच्या पनीराने त्याला खाऊन टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्ये बाळंतिणीला द्या. मला न्हाय."

मग होडीने खाडी ओलांडून कोर्लईला. हे वल्हवत होते. मारियाबाय म्हणून म्हातारी आहे, तिच्या ओटीवर बसलो. त्यांची आपसातली बोली फिरंगी, पण आमच्याशी आपली बोलली. तिने ज्येष्ठात घातलेली जांभळाची वाईन काढली. पहिल्या घोटाला जीभ आखडली. मग धुराचं पनीर खाल्लं आणि पुन्हा घोट घेतला, तर जीभ सुटली. दादा, हे तू लिहिलं होतंस ते मला तेव्हा कळलं. दोन्ही चवी एकमेकींना बोलतं करतात. मारियाबायने पनीर चाखलं, उठून आत गेली आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन आली. टोपली तिथेच संपली.

तिने सहा बाटल्या द्यायचं कबूल केलं. म्हणाली, "बूच घट्ट नको मारू हां. फडकं बांध. ही अजून झोपली न्हाय."

परत येताना होडीत सासूबाई गात होत्या. त्यांची जीभ जांभळी झाली होती.

घरी आलो. माळ्यावर पनीराचा एक तुकडा राहिला होता. हे आत गेले, सकाळची माडी आणली, माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "सगळ्यांची चाखलीस. आता घरची घे."

घेतली. मग तुकडा खाल्ला. मग पुन्हा घेतली. काय लिहू? जांभळाची चांगली होती, पाहुण्यासारखी. ही पाहुणी नव्हती. कुठे माडी संपते आणि कुठे पनीर सुरू होतं ते कळेना.

कळणार कसं? कोकम नव्हतं, दादा. घरात जे आंबट होतं ते माडीच होतं. आदल्या दिवशीची, आंबलेली. तिनेच दूध फाडलं, तिनेच मी रोज साल पुसते. तू आवडीने खाल्लंस ते यांनी झाडावरून उतरवलेलं आहे.

मागच्या पत्रातच लिहिणार होते. मग तू खाणार नाहीस म्हणून लिहिलं नाही. आता तू खाल्लं आहेस.

गोदू


मुंबई,
८ ऑक्टोबर १९३४

चि. गोदू,

पत्र मिळालं.

शेठना शब्द दिला आहे, म्हणून पनीर तसंच कर. जांभळाच्या सहा बाटल्या किहीमच्या बंगल्यावर पोचव. बुचं पाठवतो. घट्ट मार, वर मेण ओत. फडकी नकोत. शेठच्या टेबलावर बाटली बाटलीसारखी दिसली पाहिजे.

पनीर कान्हाने आणावं. माडी कोणी आणू नये.

मी पुन्हा खाणार नाही.

भाऊबीजेला मी किहीमला असेन. चौलला येणं होणार नाही.

हरेश्वर


चौल,
आश्विन पौर्णिमा

दादा,

बुचं पोचली. तू सांगितलंस तशी मारली, वर मेण ओतलं. मारियाबाय बघत होती. तिने छातीवर क्रूस केला. बाटल्या गाडीने किहीमला गेल्या.

तुला वाटतं मला भीती नाही, म्हणून मी या घरात आले. मला भीती आहे. हे सकाळी चढतात आणि संध्याकाळी चढतात. वर गेले की झावळ्यांत दिसत नाहीत, नुसता सुरीचा आवाज येतो. हे खाली येईपर्यंत मी चूल पेटवत नाही. सासूबाई भुकेल्या बसतात पण पेटव म्हणत नाहीत. त्याही पेटवत नसत. यांचे पाय जमिनीला लागले की मी काडी ओढते.

म्हणजे मी दिवसातून दोनदा भिते आणि दोनदा माझा जीव परत येतो. तू एकदा भ्यालास आणि तसाच बसून राहिलास. तुझा जीव परत यायला कोणी खालीच उतरलं नाही.

तू किहीमला येशील आणि चौलला येणार नाहीस. यंदा लुगडं पाठवू नकोस. मी लुगड्याला ओवाळणार नाही.

गोदू


किहीम,
५ नोव्हेंबर १९३४

गोदू,

हे पत्र घेऊन येणाऱ्याला वाचता येत नाही हे बरं, कारण यात त्याच्याबद्दल लिहिलं आहे.

काल सकाळी मी कोठीत बाटल्या मांडल्या. सहाही छान दिसत होत्या. मेण लाल, बुचं सरळ. दुपारी पाहुणे झोपले होते. पहिली फुटली तेव्हा मला वाटलं कोणी बार काढला. धावत गेलो. दारात पोचलो तेव्हा दुसरी आणि तिसरी फुटली. बाकीच्यांनी वाट पाहिली नाही. छत जांभळं, भिंती जांभळ्या, मी जांभळा. बाई आल्या, मला बघून किंचाळल्या. त्यांना वाटलं खून झाला.

मारियाबायला सांग की ती बरोबर होती.

पाहुणे संध्याकाळी जमणार, आणि प्यायला काही नाही. मी मागच्या पायरीवर बसलो. फाटकातून एक माणूस आला. डोक्यावर मोठं मडकं, काखेत विरीचं गाठोडं.

"दादा, उतरून घेता का? मान ऱ्हायली न्हाय."

मी म्हणालो, "कान्हा कुठे आहे?"

"कान्ह्याला ताप आलाय. पनीर मी आणलं."

"आणि मडक्यात?"

"ती तुमच्या शेठला न्हाय. माझ्या प्यायला आणली. मोटरवाल्यानं मटका टपावर ठेव म्हटलं, म्हणून मी बी टपावर बसलो. अलिबागेपत्तर लोक मलाच बघत व्हते." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला काय झालं? जांभळीवरनं पडला?"

आणि लगेच त्याने जीभ चावली. पडण्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं तू तुझ्या रतनला घरून निघताना सांगितलं असणार. त्याचं तोंड इतकं उतरलं की मला हसू आलं. गोदू, मी हसलो. तोही हसला. मी मडकं उतरून घेतलं. जड होतं.

शेठ मागच्या दाराने आले. वास त्यांना आला होता. "आ सूं छे?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी पेला आणला. रतन म्हणाला, "ही माझी हाय, पण घ्या." शेठनी घोट घेतला, धुराच्या पनीराचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. म्हणाले, "बेउ सगां छे." दोघं सख्खे आहेत. मग पेला माझ्यापुढे धरला.

मी घेतला.

कोणता वास मला आठवत होता ते कळलं. बाबा खाली उतरले की मला खांद्यावर घ्यायचे. त्यांच्या खांद्याला हा वास असायचा. रोज असायचा. ते रोज उतरत होते, गोदू. मला एकदाच पडलेले आठवत होते. त्याआधी ते कितीदा उतरले ते मी विसरून गेलो होतो.

रात्री पाहुण्यांनी मडकं संपवलं. शेठनी सगळ्यांना विचारलं की असं पेय कोणत्या तळघरातून येतं. मी म्हणालो, तळघरातून नाही, वरून. माझे मेहुणे उतरवतात. रतन दारामागे उभा होता. बाईंनी त्याला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. तो खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, एवढ्याशा उंचीवर बसायची सवय न्हाय.

आता तो भिंती धुतो आहे. नको म्हटलं तरी ऐकत नाही. म्हणतो, पेंट लावल्यावानी छान दिसतंय, पण तुमच्या बाईस्नी आवडायचं न्हाय.

भाऊबीजेला येतो. आदल्या रात्री मुक्कामाला येतो. सकाळी मला उठव, झाडाच्या वेळेला.

लुगडं बरोबर आणतो आहे. त्याला ओवाळू नकोस.

हरेश्वर


मुंबई,
२० नोव्हेंबर १९३४

रतनराव,

नमस्कार. तुमच्या नावाने हे माझं पहिलंच पत्र. गोदू वाचून दाखवील. मधे गाळलं तर तिला पुन्हा वाचायला लावा.

भाऊबीजेच्या सकाळी तुम्ही चढलात तेव्हा मी बुंध्याशी उभा होतो. मान वर करून मी माडाकडे बऱ्याच वर्षांनी बघितलं. तुम्ही झावळ्यांत शिरलात आणि दिसेनासे झालात. सुरीचा आवाज येत होता. तुम्ही वरून ओरडलात, "दादा, हाय का गेलात?" मी हाय म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. मग तुमचे पाय दिसले. मग तुम्ही जमिनीवर होतात. आत गोदूने काडी ओढली.

तेवढंच झालं. तेवढ्यासाठी मी तीन वर्षं लुगडी पाठवत होतो.

तुमच्या आईंना सांगा की माळ्यावर पुढची टोपली घातली आहे ती मला हवी. शेठ रोज विचारतात. बाईही विचारतात, पण शेठ नसताना. मारियाबायकडची जांभळाची पण पाठवा. फडकं बांधून.

एक तक्रार आहे. इथे सकाळचा चहा उशिरा होऊ लागला आहे. शेठ घंटा वाजवतात, मी ऐकत नाही. तिकडे तुमची झाडं किती वाजता आटोपतात ते मला माहीत आहे. तोवर मी इथली चूल पेटवत नाही.

तुमचा,
हरेश्वर